वरच्या ओठाखालची पांढरी रेघ

प्रश्न : माझा मुलगा २ वर्षे ८ महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात टॉवेलने त्याचे तोंड पुसताना वरचा ओठ वर सरकला आणि पुढच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. एका दातावर ती तपकिरी झाली आहे. त्याला दुखत नाही. रात्री तो साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो आणि मध्यरात्री जाग आली की पुन्हा बाटली मागतो. एका वेळी पोटभर जेवत नाही, म्हणून दिवसभर थोडे थोडे काहीतरी देत राहावे लागते. दात घासायला घेतले की रडून घर डोक्यावर घेतो. टूथपेस्ट गिळतो, म्हणून आम्ही फ्लोराइड नसलेली आणली आहे. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडायचेच आहेत, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? नणंदेला वाटते, कॅल्शियम कमी पडत असेल. मी नोकरी करते, त्यामुळे आपलेच दुर्लक्ष झाले असे सारखे मनात येते. आता काय करावे?

— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती रेघ तुमच्या नजरेस पडली. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती कुणालाच दिसलेली नसते, कारण लहान मुलाचा वरचा ओठ नेमका तेवढाच भाग झाकून ठेवतो. मूल हसले तरी दातांची टोके दिसतात, हिरडीची कड दिसत नाही. मग पालक येतात ते दाताचा तुकडा पडल्यावर, रात्री ठणका लागल्यावर किंवा गाल सुजल्यावर. तुम्ही या सगळ्याच्या पुष्कळ अलीकडे आहात. पांढरी रेघ जिथे दिसते तिथे दाताच्या वरच्या कवचातील खनिजे झिरपून गेलेली असतात, पण कवच अजून फुटलेले नसते, आणि अशी जागा पुन्हा कडक होऊ शकते. तपकिरी झालेल्या दाताविषयी मात्र पत्रावरून काही सांगणे योग्य होणार नाही. तपकिरी डाग कडक आणि गुळगुळीत असेल तर कीड तिथे थांबलेली असण्याची शक्यता जास्त. मऊ आणि खडबडीत असेल तर ती चालू आहे. दात कोरडा करून चांगल्या उजेडात पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. म्हणून येत्या एक-दोन आठवड्यांत मुलाला दंतवैद्यांना, शक्य असेल तर लहान मुलांच्या दंतवैद्यांना, दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दातापेक्षा बरेच पातळ असते आणि एकदा कीड त्यातून आत गेली की नसेपर्यंत पोहोचायला तिला फार दिवस लागत नाहीत.

आपण मराठीत 'दाताला कीड लागली' असे म्हणतो, आणि या शब्दाने आपले थोडे नुकसान केले आहे असे मला नेहमी वाटते. धान्याला लागते तशी बाहेरून काहीतरी वळवळणारी कीड आली, ती काढून टाकली की काम झाले, असे चित्र त्यातून डोळ्यांसमोर उभे राहते. दातात किडा असतो ही समजूत जगात अनेक ठिकाणी होती; पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात ती खोडून काढली, आणि १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरा प्रकार मांडला, तो असा की तोंडातील जीवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. म्हणजे कीड ही कुठून तरी आलेली वस्तू नसते. तोंडात रोज चालणाऱ्या देवाणघेवाणीत खनिजांची बाजू सतत तोट्यात गेली, की त्या तोट्याला आपण कीड म्हणतो. हा तोटा रोज होतो, म्हणून तो रोजच थोडा थोडा भरून काढता येतो, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

दातांवर जीवाणूंचा एक चिकट, जवळपास न दिसणारा थर सतत बसत असतो. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत या थरात आम्ल तयार होते, आम्लता वाढून सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की कवचातील कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते, आणि मग लाळ हळूहळू ते आम्ल सौम्य करून त्याच खनिजांतला काही भाग परत जागेवर आणून बसवते. लाळेला या कामासाठी साधारण अर्धा तास ते तासभर लागतो. आता तुमच्या मुलाचा दिवस मोजून पाहा. सकाळचे दूध, मग बिस्किट, मग न्याहारी, मग अर्धवट सोडलेला आणि तासाभराने पुन्हा हातात घेतलेला खाऊ, रस, जेवण, दुपारचे दूध, पुन्हा बिस्किट, संध्याकाळी काहीतरी, रात्रीचे जेवण: ही सहज दहा वेळा झाली. प्रत्येक वेळेचे चाळीस मिनिटे धरली तरी सहा-सात तास त्याचे दात आम्लात असतात, आणि एका आम्लातून बाहेर येण्यापूर्वीच पुढचे सुरू होते. त्याने एकूण किती गोड खाल्ले यापेक्षा ते कितीदा खाल्ले याने दातांना जास्त फरक पडतो, हे बहुतेक पालकांना पटायला वेळ लागतो. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत १९४०च्या दशकात यावर एक मोठा प्रयोग झाला होता. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांमध्ये कीड थोडीच वाढली, तर जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट मिठाई खाणाऱ्यांमध्ये ती झपाट्याने वाढली. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये; पण त्यातून जे कळले ते त्यांच्या दातांची किंमत देऊन कळले आहे, म्हणून निदान ते वाया जाऊ नये.

हे सगळे दिवसाचे झाले. रात्रीचे गणित याहून वाईट आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि मूल गिळतही कमी, त्यामुळे बाटलीतून आलेले गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते आणि ते धुऊन न्यायला कोणी नसते. खालचे पुढचे दात मात्र जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात, म्हणून ते बचावतात. तुमच्या मुलाचा खालचा ओठ ओढून पाहा. खालचे चार दात बहुधा स्वच्छ असतील. वर रेघ आणि खाली काही नाही, अशी मांडणी दिसली की रात्रीच्या बाटलीविषयी मला वेगळे विचारावे लागत नाही.

त्यामुळे पहिले काम बाटलीचे. पावणेतीन वर्षांच्या, एरवी नीट वाढणाऱ्या मुलाला मध्यरात्री दुधाची गरज नसते. त्याला बाटलीची सवय असते, आणि सवय ही भुकेपेक्षा सोडवायला सोपी नसली तरी निर्धोक असते. आज रात्रीपासून दुधातील साखर बंद करा किंवा रोज थोडी कमी करत चार दिवसांत शून्यावर आणा. त्यानंतर झोपतानाच्या बाटलीत दर दोन रात्रींनी दुधाचा भाग घटवून पाण्याचा वाढवा, म्हणजे आठवड्या-दीड आठवड्यात बाटलीत नुसते पाणी उरेल, आणि नुसत्या पाण्यासाठी मध्यरात्री जागे होण्यात मुलांना फारसा रस वाटत नाही. झोपण्यापूर्वीचे दूध बंद करायची गरज नाही. ते पेल्यातून द्या, बसवून द्या, आणि दात घासण्याच्या आधी द्या. चार-पाच रात्री कठीण जातील. त्या रात्री घरातील एकाने जरी 'बिचारे रडते आहे' म्हणून बाटली दिली, तर मुलाला एवढेच कळते की पुरेसा वेळ रडले की बाटली मिळते, आणि मग पुढच्या चार रात्री आणखी कठीण जातात. म्हणून सुरुवात करण्याआधी घरात सर्वांशी बोलून घ्या आणि तापाच्या किंवा प्रवासाच्या दिवसांत हा उद्योग हाती घेऊ नका.

हे वाचणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी दोन वाक्ये: पहिल्या वर्षात आईच्या दुधामुळे दातांची काळजी करण्याचे कारण नाही, उलट ते दातांच्याही हिताचे आहे. वर्षानंतर, दात आलेले असताना आणि मूल इतर अन्न खात असताना, रात्रभर कितीही वेळा पाजणे सुरू राहिले तर किडीचा धोका वाढतो, म्हणून त्या वयापासून रात्रीच्या पाजण्याआधी दात घासलेले असावेत आणि रात्रीच्या वेळा हळूहळू कमी कराव्यात.

दिवसाच्या खाण्याविषयी मी तुम्हाला पदार्थांची यादी देणार नाही. वेळा ठरवा. तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा खाऊ, एवढ्या पाच वेळा या वयाच्या मुलाला पुरतात, आणि या वेळांच्या मध्ये तहान लागली तर फक्त पाणी. तो एका वेळी पोटभर जेवत नाही असे तुम्ही लिहिता. पण दर तासाला तोंडात काहीतरी गेलेल्या मुलाला जेवणाच्या वेळी भूक कुठून लागणार? बहुतेक घरांत वेळा पक्क्या केल्यावर दोन-तीन आठवड्यांत जेवणाची तक्रार आपोआप कमी होते. गोड द्यायचेच असेल तर जेवणाला लागूनच द्या, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. फळाचा रस, घरी काढलेला आणि वरून साखर न घातलेला असला, तरी दातांच्या दृष्टीने साखरेचे पाणीच असतो. तेच फळ चावून खाल्ले तर गोष्ट वेगळी. सुकवलेली फळे आणि गोड बिस्किटे दाढांच्या खाचांत चिकटून बसतात आणि बराच वेळ तिथून हलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर आणखी चांगले. तुमच्या मुलाला दिवसाला साधारण १,००० कॅलरी लागतात असे धरले, तर ५ टक्के म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम, अर्थात तीन लहान चमचे साखर. रात्रीच्या दोन बाटल्यांत प्रत्येकी दोन चमचे पडत असतील तर उजाडण्यापूर्वीच हा हिशेब ओलांडलेला असतो. खोकल्याची आणि तापाची पातळ औषधेही अनेकदा गोड असतात. ती बरेच दिवस चालू असतील तर साखरविरहित औषध आहे का हे डॉक्टरांना विचारा, आणि रात्रीचा डोस दात घासण्याआधी द्या.

आता टूथपेस्ट. तुमची भीती अकारण नाही, पण त्या भीतीवर तुम्ही काढलेला उपाय मला मान्य नाही. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने दात स्वच्छ दिसतात, तोंडाला वास चांगला येतो, आणि कीड थांबण्याच्या कामी तिचा उपयोग फार थोडा होतो. फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर असले की लाळेतील खनिजे कवचात परत बसण्याची क्रिया वेगाने होते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला पहिल्यापेक्षा कमी दाद देते. तुमच्या मुलाच्या पांढऱ्या रेघेला नेमकी याचीच गरज आहे. गिळण्याच्या धोक्यावरचा इलाज म्हणजे प्रमाण. तीन वर्षांपर्यंत ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण किमान १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) छापलेले पाहून घ्यावे. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट वजनाने साधारण ०.१ ग्रॅम भरते, आणि तिच्यात सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ती सगळीच्या सगळी दोन्ही वेळा पोटात गेली तरी या वयात चालण्यासारखी आहे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट काढलेली दिसते, तसे मात्र कधीही करू नका. वर्षानुवर्षे जास्त पेस्ट गिळली गेली तर आत तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके उमटू शकतात. म्हणून पेस्ट मोठ्यांनीच काढायची आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायची. तुमच्या पिण्याच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असेल, म्हणजे लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर, तर ते दंतवैद्यांच्या कानावर घालून प्रमाण त्यांच्याकडून ठरवून घ्या.

आणखी एक सवय बदलावी लागेल. दात घासून झाल्यावर आपण खळखळून चूळ भरतो आणि लावलेले फ्लोराइड त्याच पाण्याबरोबर बाहेर टाकतो. मुलाला फेस थुंकायला शिकवा, थुंकता येत नसेल तर ओल्या फडक्याने ओठ पुसून घ्या, पण चूळ नको. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज तोंडात काहीही जाणार नाही, हा एक नियम घरात पाळला गेला तर बाकीच्या नियमांत अधूनमधून झालेली हयगय मी फारशी मनावर घेणार नाही.

नणंदबाईंच्या कॅल्शियमविषयी: दुधाच्या दातांचे कवच गर्भातच तयार होऊ लागते आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ण होते. त्यानंतर त्या कवचात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात गेलेले कॅल्शियम आतून तिथे पोहोचायला वाटच उरत नाही. कवचाला जे कॅल्शियम मिळते ते लाळेतून मिळते, आणि लाळेत ते पुरेसे असते. त्याच्या हाडांसाठी कॅल्शियम लागते की नाही हे बालरोगतज्ज्ञ सांगतील. दातांवरच्या या रेघेसाठी गोळ्या किंवा औषध सुरू करू नका.

दात घासताना तो रडतो, याबद्दल. बहुतेक पालक मुलाच्या समोर उभे राहून घासायला जातात. मूल मान मागे घेते, ओठ घट्ट मिटते, ब्रश ओठांवरच फिरतो आणि दोघेही दमतात. त्याऐवजी जमिनीवर किंवा पलंगावर बसा आणि त्याचे डोके तुमच्या मांडीवर, तुमच्या पोटाकडे, असे घ्या की तो छताकडे पाहील आणि तुम्ही वरून त्याच्या तोंडात पाहाल. दुसरे कोणी मोठे माणूस असेल तर त्याने समोर बसून मुलाचे पाय आपल्या कमरेशी आणि हात आपल्या हातांत धरावेत. तुमच्या मोकळ्या हाताचे एक बोट वरच्या ओठाखाली घालून ओठ वर उचला. मध्यभागी ओठाला हिरडीशी जोडणारा जो पातळ पडदा असतो त्यावर बोटाची बाजू आडवी ठेवा, म्हणजे ब्रश त्याला लागणार नाही. मुले ब्रशला नको म्हणतात त्याचे कारण पुष्कळदा हा पडदा असतो, आणि एकदा तो दुखावला गेला की पुढच्या वेळी ब्रश दिसताच तोंड मिटते. ब्रश डोक्याला लहान आणि केसांना मऊ असावा. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर, असा तिरपा धरून त्या रेघेपासूनच सुरुवात करा, कारण मुलाचा संयम पहिली वीस-तीस सेकंदेच टिकतो आणि ती सर्वांत गरजेच्या जागी खर्च व्हावीत. तिथून वरच्या दाढा, मग खालच्या दाढा, दाढांच्या खाचा पुढे-मागे घासून, आणि शेवटी खालचे पुढचे दात. पूर्ण दोन मिनिटे मिळाली तर उत्तम. सुरुवातीला एक मिनिट मिळाले तरी ते नियमाने, सकाळी आणि रात्री, घ्या. तो रडला तर तोंड उघडेच राहते, हा या कामातला एक बरा भाग.

आधी ब्रश त्याच्या हातात द्यावा, त्याचे चावून-चघळून झाले की 'आता माझी पाळी' म्हणून तुम्ही घ्यावा, हा क्रम मी सुचवेन. काही मुलांना दात मोजलेले आवडतात: दुधाचे दात २० असतात आणि तुमच्या मुलाचे जवळजवळ सगळे आलेले असतील, तेव्हा वीसपर्यंत मोजत घासले की काम कुठे संपणार हे त्याला कळते, आणि शेवट दिसत असलेली गोष्ट मूल जास्त सोसते. त्याला स्वतःला नीट घासता येईल असे वय सातव्या-आठव्या वर्षाच्या आधी येत नाही. तोवर घासायचे काम मोठ्यांचे. ज्या दाढा एकमेकींना चिकटून आहेत त्यांच्या मध्ये ब्रश शिरत नाही, तिथे रोज एकदा दंतदोरा फिरवावा, आणि तो कसा फिरवायचा हे दंतवैद्यांकडे गेल्यावर त्यांच्यासमोर करून पाहावे.

सासूबाईंचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे: हे दात पडायचेच आहेत. फक्त ते कधी, एवढे त्यांना सांगा. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे आज किडलेल्या दाढेने त्याला अजून सात-आठ वर्षे जेवायचे आहे. ती दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. मुळाशी पू झाला तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या कायमच्या दातावर डाग किंवा व्यंग राहू शकते. आणि ज्या मुलाचे दुधाचे दात किडले त्याचे कायमचे दात किडण्याचा संभव जास्त असतो, कारण दात बदलले तरी सवयी त्याच असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ निमूटपणे येते. ती कायमची असते, पण पुष्कळ घरांत तिलाही दुधाची समजले जाते आणि लक्षात येईपर्यंत तिच्या खाचांत कीड बसलेली असते. त्या वयाला आलात की खाचा बुजवणाऱ्या लेपाबद्दल दंतवैद्यांना विचारायला विसरू नका. सासूबाई दिवसभर मुलाजवळ असतील तर खाण्याच्या पाच वेळा सांभाळण्याचे काम त्यांच्यावरच सोपवा. ज्यांच्या हातात काम असते त्या व्यक्तीला समजावत बसावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

दंतवैद्यांकडे काय होईल याची थोडी कल्पना देतो. पांढऱ्या रेघेवर बहुधा ते फ्लोराइडचे व्हार्निश लावतील: बारीक ब्रशने एक-दोन मिनिटांत होणारे काम, सुई नाही, यंत्र नाही, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. तपकिरी जागी कीड चालू असेल आणि मूल फार लहान किंवा घाबरट असेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे द्रव लावून ती थांबवता येते. त्याने किडलेली जागा काळी पडते आणि काळीच राहते, म्हणून लावण्यापूर्वी हे स्वीकारायचे की नाही याचा विचार करून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रव आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. खड्डा पडला असेल तर सिमेंट भरतील, आणि दाढ असेल तर कधी कधी किडीला हात न लावता वरून पोलादी टोपी बसवतात. टोपीखाली अडकलेल्या जीवाणूंना साखर मिळेनाशी होते आणि कीड तिथेच थांबते. ही पद्धत स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाने ओळखली जाते. जाण्यापूर्वी मुलाला 'रडलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील' असे कुणीही म्हणू नये. 'ते तुझे दात मोजणार आहेत' एवढे पुरते. खरे तर पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत, काहीही झालेले नसतानाच व्हायला हवी, म्हणजे खुर्ची ओळखीची होते. पण ते या वेळी राहून गेले.

आणि तुमच्या नोकरीचा या रेघेशी संबंध नाही. चोवीस तास घरी असलेल्या आयांच्या मुलांचे दातही मी रोज पाहतो. बाटली तुम्ही मुलाला झोप यावी म्हणून दिलीत, फ्लोराइड नसलेली पेस्ट त्याच्या पोटात काही जाऊ नये म्हणून आणलीत. दोन्ही निर्णय काळजीपोटीच झाले, फक्त माहिती अपुरी होती.

वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायला हवे अशा काही खुणा आहेत: गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजणे, दातदुखीबरोबर ताप, हिरडीवर पुटकुळीसारखा फुगवटा, रात्री दुखून जाग येणे. अशा वेळी हिरडीवर घरी कोणतीही गोळी चुरून लावू नका, त्याने हिरडी भाजते.

या सगळ्याला तीन महिने द्या. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी, खिडकीजवळच्या उजेडात, त्याचा ओठ उचलून तेच दात पाहा. नखाने किंवा टोकदार वस्तूने खरवडून मात्र पाहू नका, मऊ पडलेले कवच त्याने तुटते. रेघ कदाचित पूर्ण जाणार नाही. आज ती खडूसारखी कोरडी दिसते आहे; तिच्यावर बाकीच्या दातासारखी चमक आली आणि ती हिरडीच्या कडेपासून जराशी दूर गेल्यासारखी वाटली, तर त्या जागी कीड थांबली आहे असे समजा, आणि पुढच्या भेटीत दंतवैद्यांकडून तेवढी खात्री करून घ्या.